बत्तीस लिटर पाणी, एकोणीस लिटर बिअर

घरी बिअर करणाऱ्याला एकोणीस लिटर बिअर हवी असेल, तर सुरुवातीला तीस-बत्तीस लिटर पाणी घ्यावे लागते. मधले बारा-तेरा लिटर चार ठिकाणी जातात. काही धान्याच्या चोथ्यात मुरतात, काहींची वाफ होते, काही पातेल्याच्या तळच्या गाळात अडकतात आणि उरलेले आंबवण्याच्या भांड्यात यीस्टच्या साक्याबरोबर मागे राहतात. यातला कोणताच तोटा पुरता टाळता येत नाही, आणि वाफेचा तर टाळूही नये. मात्र प्रत्येक तोटा आधी मोजून ठेवता येतो. तो मोजलेला नसला की बिअर ठरल्यापेक्षा कमी भरते आणि कडक होते, किंवा जास्त भरते आणि पाणचट लागते. मग करणारा बिचारा माल्ट आणि यीस्टला दोष देत बसतो.

एकोणीस लिटर हे माप अमेरिकेतले. तिथे घरगुती बिअरचा एक घाणा पाच गॅलनचा, म्हणजे १८.९ लिटरचा धरतात, आणि शीतपेयांच्या धंद्यातून आलेले ‘कॉर्नेलियस’ पद्धतीचे स्टीलचे पिंपही नेमके तेवढेच असते. ब्रिटनमध्ये घाणा चाळीस पाइंटचा, म्हणजे जवळपास २३ लिटरचा. दोन्ही देशांत हा छंद कायदेशीर आहे. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे पुढचे सगळे गणित घरगुती म्हणून उपयोगी पडायचे ते परदेशात राहणाऱ्यांना. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत तेच गणित मोठ्या भांड्यांवर चालते.

कृती थोडक्यात अशी. बार्लीला मोड आणून, ती भट्टीत वाळवून तयार केलेले माल्ट भरडायचे आणि ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचे. माल्टमधली विकरे पिठाची साखर करतात. तो गोड रस, म्हणजे वर्ट, चोथ्यातून गाळून घ्यायचा, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची सुकी फुले किंवा गोळ्या घालून साधारण तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. एक-दोन आठवड्यांत साखरेचे मद्य आणि वायू होऊन बिअर तयार होते. द्रवाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहरी समजला जाणारा तोटा यातल्या उकळण्याच्या टप्प्यावर होतो.

उसाचा रस गुऱ्हाळात उकळतात तेव्हा पाणी घालवणे हेच काम असते. काहील म्हणूनच रुंद आणि उथळ. बिअरच्या पातेल्यात पाणी जाते ते इतर कामे होता होता. उकळीने रस निर्जंतुक होतो, माल्टमधली विकरे थांबतात आणि प्रथिने गोठून खाली बसतात. हॉप्समधली अल्फा आम्ले मूळ रूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि कडूही लागत नाहीत. उकळत्या रसात त्यांची रचना बदलते आणि मगच बिअरला कडवटपणा येतो. या बदलाला वेळ लागतो. तासभर उकळूनही घरगुती घाण्यात त्यातली पंचवीस ते तीस टक्के आम्लेच कामी येतात.

वाफ बाहेर जाऊ देण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. माल्टमध्ये एस-मिथाइल-मेथिओनिन नावाचे एक द्रव्य असते. उष्णतेने ते मोडते आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड तयार होते, ज्याला शिजवलेल्या मक्याचा, कधी उकडलेल्या कोबीचा वास येतो. हे सल्फाइड अवघ्या ३७ अंशांना उकळते, त्यामुळे खळखळत्या रसातून ते वाफेबरोबर सहज निघून जाते. पण मूळ द्रव्य मोडायला वेळ लागतो; उकळीच्या तापमानाला साधारण ४० मिनिटांत ते निम्मे होते. पिल्सनरसाठीचे फिकट माल्ट हलक्या आचेवर वाळवलेले असल्याने त्यात ते भरपूर उरलेले असते, म्हणून त्या बिअरसाठी नव्वद मिनिटे उकळण्याची जुनी रीत आहे. इंग्लिश पेल एल माल्ट जास्त तापवलेले असते आणि तिथे साठ मिनिटे पुरतात. पातेल्यावर गच्च झाकण ठेवले तर हेच सल्फाइड झाकणाला लागून, थेंब होऊन परत रसात पडते. पाणी वाचवण्यासाठी पूर्ण झाकण लावणे हा म्हणूनच चुकीच्या जागी केलेला काटकसरीपणा. रस उकळीला येईपर्यंत झाकण ठेवायला हरकत नाही. नंतर अर्धे सरकवून ठेवले, तरी वाफेला वाट मिळाली म्हणजे झाले.

आता किती पाणी जाते ते. एक किलो पाण्याची उकळबिंदूला वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोवॉटचा हीटर तासाला ३,६०० किलोज्यूल देतो. म्हणजे प्रत्येक किलोवॉटमागे तासाला जास्तीत जास्त १.६ लिटर पाणी उडू शकते. ब्रिटनमध्ये साध्या तेरा अँपिअरच्या प्लगवर चालणारा मोठ्यात मोठा हीटर तीन किलोवॉटचा. त्याचा वरचा पल्ला ४.८ लिटर. पातेल्याच्या भिंतींतून काही उष्णता खोलीत जाते, म्हणून प्रत्यक्षात चार लिटरच्या आसपास पाणी आटते. अमेरिकेत १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर १,८०० वॉटच्या पुढे जाता येत नाही, आणि वीस-पंचवीस लिटर रस तेवढ्या शक्तीवर जेमतेम उसळतो. तिथले लोक मग पातेल्याला उष्णतारोधक आवरण गुंडाळतात, २४० व्होल्टची वेगळी जोडणी करून घेतात किंवा अंगणात प्रोपेन गॅसची शेगडी मांडतात.

एकदा रस उकळू लागला की त्याचे तापमान वाढत नाही. शेगडी मोठी केली तर जादा उष्णता सगळी वाफ करण्यात खर्च होते. उकळ जितकी दणदणीत तितकी बिअर चांगली, असा एक समज घरगुती बिअरवाल्यांत बराच काळ टिकून आहे. त्याला फारसा आधार नाही. पृष्ठभाग सतत हलता-उसळता असणे पुरेसे. त्यापुढची आच फक्त पाणी, गॅस आणि पैसा उडवते, आणि रसाचा रंगही गडद करते. मोठ्या कारखान्यांनी इंधन वाचवण्यासाठी बाष्पीभवन चार ते आठ टक्क्यांवर आणले आहे आणि त्यांच्या बिअरला मक्याचा वास येत नाही. घरी हे प्रमाण दहा ते वीस टक्के असते.

इथे टक्क्यांचा घोळ सुरू होतो. बऱ्याच पाककृतींत ‘तासाला पंधरा टक्के आटते’ असे लिहिलेले सापडते, आणि करणारा तो आकडा नियमासारखा वापरतो. पण पातेल्याला आपल्यात किती रस आहे याच्याशी देणेघेणे नसते. तळाला मिळणारी उष्णता आणि वरचे उघडे तोंड तेच राहिले, तर वाफही तेवढीच होते. सत्तावीस लिटरमधून तासाला चार लिटर जात असतील, तर ते पंधरा टक्के झाले. त्याच पातेल्यात, त्याच आचेवर अर्धा घाणा करायला बारा लिटर घेतले, तर पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने १.८ लिटर जायला हवेत. प्रत्यक्षात चारच्या आसपासच जातात, म्हणजे एक तृतीयांश रस. अर्धा घाणा करताना बिअर राक्षसी कडक होते ती बहुतेक वेळा यामुळे. म्हणून बाष्पीभवन नेहमी ‘तासाला इतके लिटर’ असेच लिहून ठेवावे. ‘बिअरस्मिथ’ किंवा ‘ब्रूफादर’सारख्या संगणकप्रणाली आपल्या भांड्यांची नोंद मागतात, तिथे हाच आकडा भरायचा असतो, तयार दिलेला आकडा दुसऱ्याच कुणाच्या पातेल्याचा असतो.

हा आकडा काढणे सोपे आहे. पातेल्यात पंधरा-वीस लिटर साधे पाणी घ्यावे, नेहमीच्या आचेवर उकळी आणावी, त्या क्षणी पातळी मोजावी, बरोबर एक तास उकळावे आणि पुन्हा मोजावे. साखरेच्या रसाचा आणि साध्या पाण्याचा फरक या कामापुरता सोडून देण्याइतका आहे. मोजायला महागडे काही लागत नाही. लाकडी कालथ्याच्या दांड्यावर किंवा स्टीलच्या पट्टीवर, पातेल्यात एकेक लिटर पाणी ओतत खुणा करून घेतल्या की झाले. पट्टी पातेल्याच्या मध्यावर सरळ उभी धरायला हवी; पातेल्याचा तळ जरा जरी फुगीर असला, तर कडेला आणि मध्ये अर्ध्या लिटरचा फरक पडतो. उकळत्या रसाची पातळी उसळीमुळे दिसत नाही, म्हणून मोजण्यापुरती शेगडी मिनिटभर बंद करावी लागते.

शेगडी तीच, पातेले तेच, तरी आकडा थोडा हलतो. गॅसवर तो जास्त हलतो. सिलिंडर संपत आला की दाब पडतो, थंडीत तर लवकरच पडतो, आणि अंगणात वारा असला तर ज्वाळ पातेल्याखालून बाजूला झुकते. वाऱ्याला आडोसा केला तर आकडा स्थिर राहतो. विजेच्या हीटरवर ही कटकट नसते.

समुद्रसपाटीपासूनची उंची हा वेगळा मुद्दा. अमेरिकेतले डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. तेवढ्या फरकाने वाफेला लागणारी उष्णता फारशी बदलत नाही, म्हणून तासाला जाणारे लिटर जवळपास तेच. बदलतो तो वेग: कमी तापमानाला हॉप्सची आम्ले सावकाश बदलतात आणि मक्याच्या वासाचे मूळ द्रव्यही सावकाश मोडते. तिथे उकळण्याचा वेळ वाढवतात किंवा हॉप्स थोडे जास्त घालतात. वेळ वाढवला तर वाफही वाढते आणि सुरुवातीचे पाणी त्या मानाने जास्त घ्यावे लागते.

उकळताना आणखी एका वाटेने रस जातो, आणि तो हिशेबात धरता येत नाही. तो उतू जातो. रस ९५-९६ अंशांवर आला की पृष्ठभागावर सायीच्या रंगाचा, मध्ये तपकिरी ठिपके असलेला फेस जमतो. प्रथिने वर येऊन वाफेच्या बुडबुड्यांना घट्ट कवच देतात. फेस आधी सावकाश फुगतो आणि काठाजवळ आला की चटकन उसळतो. लक्ष नसले तर दोन-तीन सेकंदांत लिटरभर चिकट रस शेगडीवर, आणि मग तो खरवडून काढण्यात संध्याकाळ. काही मिनिटांनी प्रथिने गोठतात, रसात फाटलेल्या दुधासारखे पुंजके फिरू लागतात आणि फेस आपोआप बसतो. हॉप्सची पहिली मूठ फेस बसल्यावरच टाकावी. तरीही हॉप्सच्या गोळ्या पडताच हिरवट फेसाची दुसरी लाट येते, म्हणून त्या थोड्या थोड्या घालाव्यात, आच उतरवून ठेवावी आणि हाताशी गार पाण्याची फवारणीची बाटली असावी. पातेले रसाच्या तुलनेत मोठे असणे हा सर्वांत चांगला उपाय. पाच गॅलनच्या घाण्याला दहा गॅलनचे, म्हणजे ३८ लिटरचे पातेले घ्या असे सांगतात, ते याचसाठी.

रस थंड केला की तो पुन्हा कमी दिसतो, पण या वेळी काही हरवलेले नसते. उकळते पाणी २० अंशांवर आले की सुमारे ४ टक्के आकसते. तेवीस-चोवीस लिटरवर हा फरक जवळजवळ एक लिटरचा. नवखे लोक उकळण्याआधीची गार पातळी आणि उकळल्यानंतरची गरम पातळी यांची वजाबाकी करतात आणि वाफ प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. दोन्ही मापे गरम तरी घ्यावीत किंवा दोन्ही थंड तरी. ऑस्ट्रेलियात अनेक जण रस थंड करतच नाहीत. उकळता रस जाड प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात काठोकाठ भरून, हवा दाबून काढून झाकण घट्ट लावतात आणि रात्रभर ठेवून देतात. सकाळी डब्याच्या भिंती आत ओढल्या गेलेल्या असतात.

वाफेखालोखाल, खरे तर पुष्कळदा वाफेहूनही जास्त, पाणी चोथ्यात जाते. एक किलो माल्ट साधारण एक लिटर पाणी धरून ठेवते. पाच किलो माल्ट म्हणजे पाच लिटर. माल्ट मोठ्या कापडी पिशवीत भिजवून पिशवी उचलून घेण्याच्या पद्धतीत चोथा पिळता येतो आणि हा तोटा किलोमागे अर्ध्या-पाऊण लिटरवर येतो. पिळल्याने तुरटपणा उतरतो अशी भीती घातली जाते. तो उतरतो खरा, पण जास्त गरम आणि अल्कधर्मी पाण्याने चोथा धुतला तर. नुसत्या पिळण्याने नव्हे. याशिवाय गाळण्याच्या भांड्यात नळाच्या पातळीखाली थोडा रस अडकतो. तो किती हे एकदा साधे पाणी भरून, नळ सोडून, मागे राहिलेले पाणी मोजून कळते.

उकळल्यानंतर तळाला प्रथिनांचा आणि हॉप्सचा गाळ बसतो. गोळीच्या रूपातले हॉप्स कमी रस पितात, अख्खी सुकी फुले जास्त. एकंदर शंभर ग्रॅम हॉप्समागे अर्धा ते एक लिटर रस गेला असे धरावे. साध्या इंग्लिश बिटरमध्ये हे नगण्य. अलीकडच्या न्यू इंग्लंड आयपीएसारख्या गढूळ, सुगंधी बिअरमध्ये मात्र आंबवण्याच्या भांड्यातही दोन-अडीचशे ग्रॅम हॉप्स पडतात आणि दीड-दोन लिटर तयार बिअर त्यातच जिरते. हा तोटा सर्वांत महाग, कारण तिथे सगळी मेहनत झालेली असते. गाळाच्या बाबतीत फार चिकटपणा करू नये. पातेल्यातला रस कालथ्याने जोरात गोल फिरवून पंधरा मिनिटे ठेवला की गाळ मध्यभागी ढिगासारखा जमतो आणि कडेच्या नळातून स्वच्छ रस निघतो. शेवटचा लिटर तिथेच सोडलेला बरा.

सगळा हिशेब उलट्या दिशेने मांडायचा असतो, पिंपापासून नळापर्यंत. पाच किलो माल्टची पेल एल घेऊ. पिंपात १९ लिटर हवेत. आंबवण्याच्या भांड्यात यीस्टचा साका आणि नंतर टाकलेले थोडे हॉप्स मिळून २ लिटर राहणार, म्हणजे त्या भांड्यात २१ लिटर थंड रस जायला हवा. पातेल्याच्या गाळात आणि नळ्यांत दीड लिटर धरला तर उकळून, थंड होऊन २२.५ लिटर हवेत. तेच गरम असताना चार टक्क्यांनी जास्त, म्हणजे २३.४ लिटर. तासाला ४ लिटर आटतात, म्हणून उकळी येताना पातेल्यात २७.४ लिटर दिसायला हवेत. थंड मापात ते २६.३ भरतात. चोथ्याचे ५ लिटर आणि गाळण्याच्या भांड्यात अडकणारे पाऊण लिटर मिळवले की एकूण पाणी ३२ लिटर. सहा-सात घाण्यांच्या नोंदी हाताशी असल्या की हे आकडे पाव-अर्ध्या लिटरच्या आत बरोबर येतात.

आटण्याचा परिणाम बिअरच्या कडकपणावर कसा होतो ते विशिष्ट गुरुत्वावरून कळते. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर. दशांशाच्या पुढचा भाग ‘गुण’ म्हणून घ्यायचा: १.०५० म्हणजे ५० गुण. पाण्याची वाफ होते, साखरेची होत नाही, म्हणून गुण गुणिले लिटर हा गुणाकार उकळण्याआधी आणि नंतर सारखाच राहतो. वरच्या उदाहरणात पाच किलो माल्टमधून साधारण १,१२५ इतका गुणाकार मिळतो. उकळण्यापूर्वी तो २६.३ लिटरमध्ये विभागलेला असतो, म्हणजे १.०४३, उकळल्यावर २२.५ लिटरमध्ये, म्हणजे १.०५०. वाफ चारऐवजी साडेपाच लिटर झाली तर उरतात २१ लिटर आणि आकडा जातो १.०५४ वर. आंबल्यावर मद्याचे प्रमाण सुमारे ०.४ टक्क्याने वाढते. अडीच लिटरच आटले तर १.०४७.

गुणाकार सारखा राहण्याच्या या नियमामुळे घाणा बिघडण्याआधी सावरता येतो, आणि त्यासाठी उकळी येण्यापूर्वीच एक माप आणि एक नमुना घ्यायचा असतो. नमुना थंड करून हायड्रोमीटर त्यात सोडावा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात आणि गरम रसात खोटा, कमी आकडा दाखवतात. रिफ्रॅक्टोमीटरला दोन-तीन थेंब पुरतात आणि ते लगेच थंड होतात, म्हणून उकळतानाच्या मापांना तो सोयीचा. आंबल्यावर मात्र त्यातले मद्य आकडा बिघडवते.

माप जास्त आणि गुरुत्व कमी निघाले, तर हॉप्स घालण्यापूर्वी दहा-वीस मिनिटे नुसते उकळून घ्यावे. चार लिटर तासाच्या पातेल्यात पंधरा मिनिटे म्हणजे एक लिटर. हॉप्स घातल्यानंतर वेळ वाढवला तर कडवटपणाही वाढतो आणि शेवटी घातलेल्या हॉप्सचा सुगंध उडतो. हॉप्स पातेल्यात गेले की वेळ वाढवण्यापेक्षा थोडी पातळ बिअर पत्करावी, किंवा सुकवलेला माल्ट अर्क घालावा. एकवीस-बावीस लिटरच्या घाण्यात अडीचशे ग्रॅम अर्काने साधारण चार गुण वाढतात.

उलट परिस्थिती जास्त सोपी. रस जास्त आटला तर पाणी घालायचे. वरच्या २१ लिटरांत दीड लिटर घातले की पुन्हा २२.५ लिटर आणि १.०५०. उकळत असताना घातलेले पाणी निर्जंतुक होतेच, पण ते आधी गरम करून घालावे, म्हणजे उकळ मोडत नाही. आंबवण्याच्या भांड्यात घालायचे असेल तर उकळून थंड केलेलेच हवे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा माल्टमधल्या फिनॉलांशी संयोग झाला की औषधी वास येतो, आणि तो पुढे जात नाही. पाणी घातल्याने कडवटपणाही त्याच प्रमाणात पातळ होतो, हे विसरले जाते. दीड लिटरने फारसे बिघडत नाही, चार-पाच लिटरने बिघडते.

ज्यांच्याकडे मोठी शेगडी नाही ते हीच गोष्ट मुद्दाम करतात. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर दहा-बारा लिटर दाट रस उकळायचा आणि नंतर पाणी घालून एकोणीस लिटर करायचे, ही अमेरिकेत माल्ट अर्कापासून बिअर करणाऱ्यांची नेहमीची पद्धत. दाट रसात हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो, म्हणून हॉप्स जास्त घालतात, किंवा अर्धा अर्क उकळ संपता संपता मिसळतात. बंद खोलीत तासाला चार लिटर वाफ सोडणे हाही प्रश्नच; थंड देशांत ती खिडक्यांवर आणि छतावर साचते आणि बुरशी धरते. त्यासाठी झाकणाला जोडलेले वाफ थंड करणारे यंत्र मिळते. त्यात गार पाण्याचा बारीक फवारा वाफेचे पाणी करून ते नळीतून मोरीत सोडतो, पातेल्यात परत नाही. झाकण बंद असल्याने कमी शक्तीवर उकळ टिकते आणि आटणेही कमी होते. असे यंत्र आणले की आधी काढलेला आकडा रद्द समजून नव्याने मोजावे लागते.

वाफेचे हे प्रमाण सगळीकडे इतकेच असते असे नाही. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरातल्या लांबिक बिअरसाठी चोथा भरपूर पाण्याने धुतात आणि तो पातळ रस चार-पाच तास आटवतात. उलट फिनलंडची पारंपरिक साहती आणि नॉर्वेच्या काही भागांतली शेतघरची कच्ची बिअर यांचा रस उकळतच नाहीत. तिथे वाफेचा तोटा शून्य, आणि बिअर लवकर संपवावी लागते.

रस आंबायला लागल्यावर द्रव फारसा कमी होत नाही. वायू बाहेर जातो, त्याच्याबरोबर किंचित बाष्प; बंद भांड्यात ते मोजण्याजोगे नसते. हायड्रोमीटरसाठी काढलेले शंभर-शंभर मिलिलिटर बहुतेक पोटात जातात. खरा तोटा शेवटी, बिअर साक्यावरून काढताना होतो. सायफनची नळी साक्याच्या दोन बोटे वर धरायची आणि भांडे हळूच तिरके करायचे; घाई केली की यीस्ट वर उठते. भांडे आदले एक-दोन दिवस शीतकपाटात ठेवले तर साका घट्ट बसतो आणि अर्धा लिटर जास्त हाती लागतो.

बाटल्या भरताना वायूसाठी घालायची साखर याच मापावर ठरते. पाककृतीत १९ लिटरना १२० ग्रॅम साखर सांगितली असेल, तर लिटरमागे ६.३ ग्रॅम पडतात. साक्यात आणि हॉप्समध्ये जास्त बिअर जाऊन हातात १६ लिटरच राहिले आणि साखर तेवढीच घातली, तर प्रमाण साडेसात ग्रॅमवर जाते. बाटली उघडताच फेस जास्त येतो आणि तळचा साका ढवळला जाऊ शकतो. म्हणून साखर आधी विरघळवून ठेवू नये. बिअर बाटल्या भरण्याच्या बादलीत घ्यावी, बादलीवरच्या खुणेवर किती लिटर आहेत ते वाचावे आणि त्या लिटरांची साखर तोलून मग उकळावी.